सात पूर्णांक एक

५ जानेवारी, सोमवार

आजपासून माझं ओजेटी, म्हणजे ऑन-द-जॉब ट्रेनिंग, सुरू झालं. एमएस्सीच्या दुसऱ्या सेमिस्टरला सगळ्यांनाच कुठेतरी एकशेवीस तास प्रत्यक्ष काम करावं लागतं. वर्गातले जवळजवळ सगळे सातपूर नाहीतर अंबडच्या कंपन्यांत गेले. मी एकटीच म्हणाले, मला ज्युनियर कॉलेजात जायचंय, केमिस्ट्री शिकवणं जमतं का ते बघायचंय. आप्पा घोटीहून फोनवर म्हणाले, "शाळामास्तरीण व्हायला एवढं शिकलीस का? कंपनीत निदान एसी तरी असतो." दिवसभर भाताच्या गिरणीत कोंडा खाणाऱ्या माणसाला एसीचं अप्रूप असणारच. मी वाद घातला नाही.

नाशिकरोडच्या ज्या ज्युनियर कॉलेजात मला पाठवलंय, तिथे इंदिरा गर्गे मॅडम केमिस्ट्रीच्या विभागप्रमुख आहेत. माझ्या मार्गदर्शक त्याच. वय छप्पन्न, आवाज बारीक, हसणं नाही. मी पाठाचं टाचण करून नेलं होतं, आकृत्या काढून, तीन रंगांत. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "बेसिनमध्ये चाळीस ब्युरेट पडल्यात. त्या आधी धू."

धुतल्या. तोटीच्या लांब काचनळ्या त्या, एकेक पुसून स्टँडला लावल्या. मग त्यांनी एक उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, "परत."

८ जानेवारी, गुरुवार

चौथा दिवस. बाटल्यांना लेबलं लावली. गळक्या ब्युरेटच्या तोट्यांना व्हॅसलीन लावलं. लॅब सांभाळणारे फकिराभाऊ म्हणाले, "ताई, तुमचा हात चांगला हाय बरं का, तुम्ही राहा इथंच." त्यांनी कौतुकच केलं असेल, पण मला रडू आलं. पोरांसमोर उभं राहायला आले होते मी. भांडी घासायला नाही.

१० जानेवारी, शनिवार

बारावीची प्रॅक्टिकल होती. पटावर चोवीस मुलं, आली सहा.

बाकीची अठरा 'इंटिग्रेटेड'. म्हणजे नाव या कॉलेजात आणि दिवसभर बसतात गंगापूर रोडच्या एका क्लासमध्ये, जेईई-नीट करत. कॉलेज आणि क्लासचा तसा करारच आहे. हजेरीपटावर ती रोज हजर असतात. त्यांची जर्नल्स गठ्ठ्याने येतात, सगळ्यांत एकच अक्षर. मी मॅडमना ते दाखवलं. त्या म्हणाल्या, "माहितेय." आणि गठ्ठा कपाटात ठेवला.

मला शिकवू दिलं नाहीच. कोपऱ्यात स्टूल दिलं आणि म्हणाल्या, "आज फक्त पोरांचे हात बघ. कोण काय करतं ते लिही." दोन तास हात बघितले. काय लिहायचं त्यात. मैना भोये नावाची मुलगी आहे, सुरगाण्याकडची, आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहते. ती ब्युरेटचा खडू असा अलगद फिरवते की (तोटीला ही मुलं खडू म्हणतात) एकेक थेंब मोजून पडतो. सगळ्यांचं आटोपलं तरी तिचं चालूच होतं. एवढ्या वेळात परीक्षेत कसं भागायचं हिचं? मी लिहिलं : 'फार हळू.'

१६ जानेवारी, शुक्रवार

अखेर वर्ग मिळाला. आणि वाट लागली.

द्रावणाची तीव्रता घेतली. मी रात्रभर पाठ केलं होतं. फळा अर्धा भरला तेव्हा मैनाने हात वर केला. "ताई, मोल म्हंजे वजन का संख्या?" मी सांगितलं, रेणू मोजायचं माप. पाच मिनिटांनी पुन्हा हात. "पन मग लिटरमधी मोल कसा मावतो?" मी पुन्हा सांगितलं. मागच्या बाकावर गर्गे मॅडम बसलेल्या, वहीत काहीतरी लिहीत होत्या. मला घाम फुटला होता. तिसऱ्यांदा हात वर झाला तेव्हा मी म्हणाले, "हे अकरावीचं आहे. एवढंही येत नसेल तर सायन्स घेतलंच कशाला?"

पोरं हसली. मैना खाली बसली. पुढचा तास शांततेत झाला, म्हणजे शिस्त तरी आली.

तास संपल्यावर मॅडम काय म्हणाव्यात? "पाणी पी. उद्यापासून पुन्हा लॅबमध्ये." बस. काय चुकलं, काय बरोबर, एक शब्द नाही. बारा दिवस भांडी घासून घ्यायची आणि एका तासात परत बेसिनवर पाठवायचं. मार्गदर्शक म्हणे.

१९ जानेवारी, सोमवार

मैना शनिवारीही आली नव्हती, आजही नाही. मॅडमनी मला विचारलं, "तू तिला भेटून येतेस?" मी म्हटलं, "मी कशाला? वर्गात एखादा शब्द लागतोच. आम्हाला काय कमी बोलले आमचे सर?" सातवीत गणिताच्या सरांनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं, 'भाताच्या पोत्यांवर बसून हिशेब कर जा' म्हणाले होते. मी मेले का? उलट जिद्दीने शिकले. अजून ते सर घोटीच्या बाजारात दिसले तर मी रस्ता बदलते, ती गोष्ट वेगळी.

मॅडमनी पर्स उचलली आणि गेल्या. फकिराभाऊ म्हणाले, "वसतिगृहावर गेल्या. परवापन गेल्त्या. बस पकडून." एका मुलीसाठी विभागप्रमुख बसने जाते. असे लाड केले की पोरं डोक्यावर बसतात.

२१ जानेवारी, बुधवार

मैना आली. आता मला ताई म्हणत नाही, मॅडम म्हणते. काही विचारतही नाही, मुकाट्याने आपलं काम करते. म्हणजे बोलल्याचा उपयोग झाला.

२७ जानेवारी, मंगळवार

आज मी गर्गे मॅडमशी भांडले.

दुपारी उपप्राचार्य दिनेश पगार सर लॅबमध्ये आले. बसलेसुद्धा नाहीत. "मॅडम, बोर्डाची प्रॅक्टिकल तीन तारखेला. टायट्रेशन परमँगनेट आणि ऑक्झॅलिकचंच ठेवा. रीडिंग दहा येईल असं बघा. क्लासच्या मुलांना तसं कळवून झालंय." आणि गेले. ब्युरेटमधून किती परमँगनेट पडल्यावर रंग टिकतो, तो आकडाच आधी फोडलेला. मॅडमनी सगळं डायरीत लिहून घेतलं, किराणा सामान लिहावं तसं.

मी दार लागायची वाट बघितली. "मॅडम, तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?"

"काय बोलू?"

"हे खोटं आहे. त्या मुलांनी वर्षभर ब्युरेट हातात धरलेली नाही. परीक्षेत नुसतं दहा लिहिणार आणि तीसपैकी अठ्ठावीस घेणार."

"एकोणतीस," मॅडम म्हणाल्या. "गेल्या वर्षी एकोणतीस होते."

"आणि त्यावर तुम्ही सही करणार?"

"बारा वर्षं करतेय." त्या चष्मा पुसत होत्या. "पहिल्या वर्षी केली नव्हती. तेव्हा मला वर्षभर पर्यावरण शिकवायला दिलं आणि लॅबला कुलूप लागलं. जी पोरं खरंच येत होती, त्यांनाही ब्युरेट मिळेना. मग केली."

"म्हणजे घाबरलात."

"हो," त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं चिडतील, कारणं देतील. नुसतं हो. अशा माणसाकडून मी शिकवणं शिकायचं? बाहेर येऊन मी जिन्यावर बसले. आप्पांना फोन लावला आणि म्हटलं, कंपनीत ओळख असेल तर बघा. ते एवढे खूश झाले की त्याचाही राग आला.

२ फेब्रुवारी, सोमवार

उद्या परीक्षा. मॅडमना सकाळपासून केंद्राच्या मीटिंगला पाठवलंय, म्हणून ऑक्झॅलिकचं द्रावण माझ्यावर आलं. परमँगनेट त्यांनी आधीच करून, तपासून ठेवलंय.

मी तराजू लावत होते तेवढ्यात पगार सर एक यादी ठेवून गेले. उद्याच्या परीक्षेचे मार्क. आजच. अठरा नावं, अठरांपुढे आकडे, पेन्सिलीने. आणि खाली, 'नियमित विद्यार्थी – परीक्षकांच्या मतानुसार.' म्हणजे ज्यांनी काम केलं त्यांचीच फक्त परीक्षा. मला एवढा संताप आला की कानात गरम वाटायला लागलं. त्यात आप्पांचा फोन, सातपूरला बुधवारनंतर कधीही मुलाखतीला जा म्हणून. एका खांद्यावर फोन, एका हातात चमचा.

दोन लिटर, नऊ ग्रॅम वजन करून. पंधरा मिनिटांत बाटल्या भरून मोकळी. मॅडमना यालाच दीड तास लागला असता. कपाटाच्या दारावर त्यांची चिठ्ठी चिकटवलेली आहे : 'द्रावण केल्यावर तीन रीडिंग घेतल्याशिवाय लेबल लावू नये.' ज्या परीक्षेचे मार्क आदल्या दिवशी ठरतात, तिच्या द्रावणाची तीन रीडिंग कोणासाठी घ्यायची? लेबल लावलं आणि घरी आले.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दारातच मॅडमनी विचारलं, "तपासलंस?"

"हो," मी म्हटलं. सारखं तेच तेच विचारायची सवय आहे त्यांना.

अठराही इंटिग्रेटेड मुलं आज पहिल्यांदा लॅबमध्ये आली. एकाने बेसिन कुठंय विचारलं. निकिता म्हणून एक मुलगी आहे, क्लासमध्ये पहिली येणारी म्हणे, तिने फ्लास्क गरम करायच्या आधीच तक्त्यात लिहून टाकलं : दहा, नऊ पूर्णांक नऊ, दहा. बाहेरून आलेले परीक्षक सोमवंशी सर, चांदवडकडचे. त्यांनी पगार सरांना विचारलं, "किती यायला हवं?" "दहा." मग ते खुर्चीवर बसले, आणि चहा आला.

मैना नेहमीसारखी हळू. थेंब, थेंब. सगळ्यांचे कागद देऊन झाले, तिने चौथं रीडिंग लावलं. मी जवळून गेले तेव्हा पाहिलं : सात पूर्णांक एक, सात पूर्णांक दोन, सात पूर्णांक एक. माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "वेळ संपतोय." तिने तेच लिहून कागद दिला.

सोमवंशी सरांनी तिच्या तक्त्यावर लाल रेघ मारली. बाकीच्या तेवीस कागदांवर दहा आहे. तीसपैकी सतरा. मॅडमनी तो कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला, आणि मला बाजूला नेऊन विचारलं, "द्रावण तू तपासलं होतंस ना, हर्षाली?"

"सांगितलं ना मॅडम, हो."

मॅडमनी कागद परत गठ्ठ्यात ठेवला. मला मैनाचाच राग आला. वर्षभर येऊन, एवढं जपून जपून करून शेवटी सात? त्या अठरांना काही येत नाही हे दाखवायची एकच संधी होती आमच्या बाजूच्या पोरांना, आणि हिने घालवली.

४ फेब्रुवारी, बुधवार

सगळं लिहिते. नाहीतर उद्या मी हे वेगळंच सांगेन.

कालची भांडी धुवायला गेले. बाटल्या ओतून देणार होते, तर फकिराभाऊ म्हणाले, "ती ऑक्झॅलिकची राहू द्या ताई. मार्कांचं पाकीट जाईस्तोवर ठेवायला सांगितलीय मॅडमनी." अर्धा लिटर तरी उरलं होतं. मी म्हटलं, बरंय, एक टायट्रेशन लावते आणि कागदावर लिहून मैनाला दाखवते, बघ, दहा येतं. तुझा डोळा चुकला.

सात पूर्णांक एक आलं.

मला वाटलं ब्युरेट गळकी आहे. दुसरी घेतली. सात पूर्णांक एक. तिसऱ्यांदा फ्लास्कमध्ये गुलाबी रंग टिकला तेव्हा बघायचीही गरज नव्हती.

ऑक्झॅलिकची बाटली फिरवून लेबल वाचलं. स्फटिक. त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू असतात, त्यांचंही वजन धरावं लागतं. एकशे सव्वीस. मी नव्वद धरलं. दोन लिटरला बारा पूर्णांक सहा ग्रॅम हवे होते, मी नऊ घातले. बारावीचं पोर करणार नाही अशी चूक. द्रावण पातळ झालं, म्हणून परमँगनेट कमी लागलं. सातच यायला हवं होतं. चोवीस जणांत एकीनेच खरं लिहिलं.

मग मी कपाटातून कालचे कागद काढले. नियमित येणारी सहा मुलं. मैना सोडून पाचही जणांच्या तक्त्यात खाडाखोड आहे. खाली सात दिसतंय, वर दहा गिरवलंय. त्यांनाही सातच आलं होतं. शेजारच्याचं बघून त्यांनी आपल्या डोळ्यांना खोटं ठरवलं.

बाटली माझ्या हातात होती. बेसिन दोन पावलांवर. ओतून दिली असती तर जगात कोणाला कळलं नसतं, हा विचार मी केला, चांगला दहा मिनिटं केला. मैनाला तसेही मार्क लागणार कुठे, असंही मनात आलं. हे माझ्याच मनात आलं. पगार सरांच्या नाही.

बाटली परत ठेवली आणि घरी आले. सांगितलं मात्र नाही कोणाला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं.

मॅडम जर्नलवर सह्या करत होत्या. मी उभ्यानेच बोलले. नऊ ग्रॅम, नव्वद, तपासलं नव्हतं, दोनदा खोटं बोलले. त्यांनी पेनचं टोपण लावलं. "बाटली?"

"कपाटात आहे."

"चल."

त्यांनी स्वतः तीन रीडिंग घेतली. पाऊण तास. मला तो पाऊण तास सहन होईना, वाटलं ओरडा एकदाच. शेवटचा थेंब पडल्यावर म्हणाल्या, "मी विचारलं तेव्हा तू हो म्हणालीस."

"हो."

"मी तेवढ्यावर थांबले. माझंही चुकलंच."

मला हे नको होतं. मला शिव्या हव्या होत्या.

"उद्या सोमवंशी येतील पाकीट सील करायला," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासमोर तू बोलशील. मी नाही."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

प्राचार्य बाहेरगावी. पगार सरांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं. मी बोलले. आवाज फाटला तरी बोलले. सोमवंशी सर हसले. "अहो, एवढंच ना? त्या मुलीचे वाढवून देऊ. सत्तावीस करा. मिटलं."

मला खरंच वाटलं मिटलं. मी पाय मोकळे करून उठणार होते.

मॅडम म्हणाल्या, "तिचे वाढवायचे नाहीत. तिचं उत्तर बरोबर आहे, त्याचे तिला मिळतील. आणि ते बरोबर असेल तर बाकीच्या तेवीस जणांचं चूक आहे."

मलाही तेव्हाच कळलं. परवापासून माझ्या डोक्यात फक्त माझी चूक आणि मैनाचे मार्क होते. सात खरं असेल तर ज्या कोणी दहा लिहिलंय त्याने ते बघून लिहिलेलं नाही, हे त्या कागदांवरच दिसत होतं. त्यांच्याच अक्षरात.

पगार सरांनी दार लोटून घेतलं. "मॅडम, एका ट्रेनी मुलीच्या चुकीपायी अख्खी बॅच उघडी पाडायची? पालक येतील. क्लासवाले येतील. दोन वर्षांत रिटायर होताय तुम्ही."

"म्हणूनच म्हणते, उद्या परत घ्या परीक्षा. द्रावण मी करीन. वजनाची चिठ्ठी सोमवंशी सरांच्या सहीने पाकिटात बंद. रीडिंग किती येणार ते परीक्षा संपेपर्यंत बाहेर फुटणार नाही."

"आणि नाही घेतली तर?"

"तर मी सही करणार नाही आणि का करत नाही ते गुणपत्रकावर लिहीन. ही बाटली, हे कागद, सगळं जोडून."

सोमवंशी सरांचं हसणं गेलं होतं. त्यांचीही सही लागते ना. ते पगार सरांना म्हणाले, "घेऊन टाका हो. मी थांबतो उद्या." पगार सर माझ्याकडे वळले. "तुझ्या कॉलेजला कळवतो मी. नोकरीला कुठे लागतेस तेही बघतो." आणि मॅडमना म्हणाले, "विभागप्रमुख कोण ते सोमवारी ठरेल."

बाहेर आल्यावर मी मॅडमना म्हटलं, "मला वाटलं नव्हतं तुम्ही..." त्यांनी मधेच तोडलं. "तुझ्यामुळे केलं असं समजू नकोस. एवढ्या सगळ्यांनी दहा लिहिलेलं असताना त्या पोरीनं सात लिहिलं. आता मी काय लिहू?"

७ फेब्रुवारी, शनिवार

परीक्षा अकराला. मॅडमनी सगळ्यांना आठ वाजता बोलावलं होतं.

अठरा मुलं तणतणत आली. दोन पालक गेटवर भांडून गेले, त्यांच्या मुलांच्या चाचणीचं नुकसान झालं म्हणून. मीही रागातच होते, कधी एकदा यांची फजिती बघते असं झालं होतं. मॅडमनी माझ्यासमोर फळ्याचा खडू धरला. "सुरू कर. तुझ्या चुकीपासून."

मी फळ्यावर लिहिलं : नऊ ग्रॅम. आणि विचारलं, मी काय चुकले असेन? पोरं एकमेकांकडे बघत राहिली. मग मागून एक जण, मग दोघं. पाण्याचे दोन रेणू निकिताने शोधले. तिला सूत्र पाठ होतं. पण ब्युरेट लावायला गेली तेव्हा पिपेटला तोंड लावून विषारी द्रावण ओढायला लागली, मी धावत जाऊन हात धरला.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"कोणीच नाही," ती म्हणाली. "मॅडम, ब्युरेटचे आकडे वरून खाली का वाढतात? कधीची विचारणार होते, पण क्लासमध्ये हसतील."

तिचा आवाज रडवेला होता. अठरा वर्षांची नाही अजून. तिच्या घरच्यांनी, क्लासने, कॉलेजने मिळून तिला दोन वर्षं ब्युरेटला हात लावू दिला नाही आणि वर एकोणतीस मार्क देऊ केले. मला त्या मुलांचा राग करायचा होता, तो करताच येईना. सगळा राग तसाच अंगात राहिला, कुठे ठेवू कळेना.

मैनाला परत परीक्षा द्यावी लागणार नव्हती. तिचे कागद तपासून झाले होते, सत्तावीस. तरी ती आली होती. निकिताच्या शेजारी उभी राहून तिने तोटी धरून दाखवली. "दाबू नको. नुसतं टेकव. थेंब आपोआप येतो." मी हे कोणाला असं शिकवलं नसतं. मॅडम स्टुलावर बसून सगळ्यांचे हात बघत होत्या.

अकराला परीक्षा झाली. रीडिंग कुणाचं आठ, कुणाचं नऊ, कुणाचं सहा. निकिताला तीसपैकी एकोणीस. पाचही नियमित पोरांनी जे दिसलं ते लिहिलं, पंचवीसच्या पुढे गेली. पाकीट उघडून वजनाची चिठ्ठी काढली. आठ पूर्णांक चार यायला हवं होतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

मॅडमचं विभागप्रमुखपद काढलं. नोटीस बोर्डावर दोन ओळी, कारण नाही. पुढच्या वर्षापासून प्रॅक्टिकलची जबाबदारीही दुसऱ्याकडे. मी तो कागद फाडायला निघाले होते, फकिराभाऊंनी मनगट धरलं. मॅडम लॅबमध्ये कपाट आवरत होत्या. मी म्हटलं, "तुम्हाला राग कसा येत नाही?"

"येतो," त्या म्हणाल्या. "बारा वर्षांचा आहे. एका दिवसात कसा संपेल. ती वरची बरणी दे."

माझा मूल्यमापनाचा फॉर्म दिला. पन्नासपैकी चोवीस. कंपन्यांत गेलेल्या माझ्या मैत्रिणींना पंचेचाळीस-सेहेचाळीस आहेत. शेऱ्यात लिहिलंय : 'न तपासता लेबल लावले. दोनदा खोटे सांगितले. नंतर स्वतः येऊन सांगितले. ७ तारखेचा तास चांगला घेतला. विद्यार्थ्याला वर्गात अपमानित केले, त्याबद्दल अद्याप काही केलेले नाही.'

शेवटचं वाक्य मी बसमध्ये चार वेळा वाचलं. आधी संताप आला. महिना होत आला त्याला. एवढं सगळं झालं, मी सगळ्यांसमोर कबूल केलं, तिचे मार्क परत मिळवून दिले, अजून काय करायचं? मग लक्षात आलं की मार्क मी दिलेले नाहीत. तिचेच होते, मी घालवले होते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

ओजेटीचा शेवटचा दिवस. सातपूरची मुलाखत मी कळवून रद्द केली. आप्पा दोन दिवस बोललेले नाहीत.

वसतिगृहावर गेले. बसनेच. मैना बाहेर दोरीवरचे कपडे काढत होती. मी पाठ करून गेले होते काय बोलायचं ते, सगळं विसरले. म्हटलं, "त्या दिवशी तू बरोबर प्रश्न विचारला होतास. मला उत्तर नीट देता येत नव्हतं, म्हणून तुला बोलले. सायन्स कशाला घेतलं असं म्हणायला नको होतं मी. चुकलं माझं."

तिने कपड्यांची घडी घातली. "त्या दिवशी मी सामान भरलं होतं मॅडम. सकाळच्या गाडीनं घरी जाणार होते, कायमचं. गर्गे मॅडम दोनदा आल्या म्हणून राहिले."

मला हे माहीत नव्हतं. कोणी सांगितलंच नव्हतं. मी त्याला लाड म्हणाले होते.

"मोल परत सांगू का?" मी विचारलं. "आत्ता. वेळ आहे मला."

"गर्गे मॅडमनी सांगितलं. कळलं मला." मग म्हणाली, "राग नाय मॅडम तुमचा. तुम्ही शिकवलं तर मी ऐकीन. पण तुम्हाला काही विचारनार नाय मी. जमनार नाय."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार. तिने मला पाणी आणून दिलं, ते प्यायले, आणि निघाले.

परत येताना बसमध्येच मोबाईलवर बीएडच्या सीईटीचा फॉर्म भरला. 'शिक्षक का व्हायचे आहे' असा रकाना त्यात नाही, बरं झालं. घरी येऊन टेबलाशी बसले आणि कागदावर लिहून बघितलं, मैना पुन्हा पहिल्यांदा भेटली असती तर मोल कसा सांगितला असता. चार वेळा लिहिलं. चौथ्यांदाही मला स्वतःलाच एका ठिकाणी अडलं. उद्या फोन करून गर्गे मॅडमना विचारते.